आल्प्समधली एका दिवसाची डोंगरवाट: फाउलहॉर्नचं शिखर, वाटेतली तळी आणि शेवटची गाडी

इंटरलाकेनला उतरलेला मराठी पर्यटक बहुतेक वेळा युंगफ्राउयोखला (३४५४ मीटर) गाडीने चढतो, बर्फात फोटो काढतो आणि गाडीनेच खाली येतो. त्याच इंटरलाकेनहून सकाळी सातची गाडी पकडली, तर एका दिवसात एक सुंदर जोडतळं, २६८१ मीटरचं शिखर आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ या तिघांना समोर ठेवून तासन् तास चालणारी एक धार पायाखाली घालता येते. दोर लागत नाही, गाईड लागत नाही. कळसूबाई (१६४६ मीटर) चढून-उतरून दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याच्या दमाला ही वाट जड नाही.

अडतं ते वेळेवर. आल्प्समध्ये दिवस बिघडतो तेव्हा त्यामागे बहुधा तीनपैकी एक वेळ चुकलेली असते: शेवटच्या गाडीची, दुपारच्या विजांची, किंवा बर्फ वितळण्याच्या महिन्याची. म्हणून खाली किलोमीटरपेक्षा तासांबद्दल जास्त लिहिलं आहे.

कधी जायचं

२५०० मीटरच्या आसपासच्या वाटांसाठी भरवशाचा काळ म्हणजे जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. खाली ग्रिंडेलवाल्डमध्ये (१०३४ मीटर) गवत हिरवंगार, लोक टी-शर्टवर, आणि हजार-दीड हजार मीटर वर सावलीतल्या घळींत जुना बर्फ तसाच. पायवाट अशा घळीला आडवी कापत जाते. सकाळी तो बर्फ काचेसारखा टणक असतो आणि बूट रोवला जात नाही. दुपारी मऊ होतो आणि मांडीपर्यंत पाय जातो. घसरलं तर बर्फाचा पट्टा खाली कुठे संपतो, हे आधी बघा. सपाट गवतावर संपत असेल आणि आधीच्या लोकांच्या पावलांच्या खोल खोबणी असतील, तर जपून पार करता येतो. दगडांवर किंवा कड्यावर संपत असेल तर परत फिरा. त्या ठिकाणी दुसरा शहाणपणा नाही.

आदल्या दिवशी फिर्स्ट (जिथून चालायला सुरुवात) आणि शिनिगे प्लाटे (जिथे वाट संपते) इथले वेबकॅम उघडून प्रत्यक्ष बघा. स्विसटोपोचं मोफत नकाशा-अ‍ॅप बंद असलेल्या वाटाही दाखवतं. शिनिगे प्लाटेची डोंगरगाडी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंतच धावते, म्हणजे मे महिन्यात पुढचा मुख्य बेत तसाही जमत नाही.

सप्टेंबर आमच्या मते सर्वांत चांगला. हवा स्थिर, गर्दी कमी, दुपारच्या विजा विरळ. दिवस मात्र लहान होत जातो: जुलैत सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरअखेरीस सातच्या थोडं पुढे.

पाटी कशी वाचायची

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटर पायवाटा खुणा करून राखलेल्या आहेत. दर फाट्यावर लोखंडी खांब, त्यावर पिवळे बाण, आणि एका पांढऱ्या पट्टीवर तुम्ही उभे आहात त्या जागेचं नाव आणि उंची. बाणावर ठिकाण आणि वेळ लिहिलेली असते, अंतर नसतं. ही वेळ न थांबता चालण्याची आहे. फोटो, पाणी, बुटाची नाडी, काही धरलेलं नाही.

बाणाच्या टोकाचा रंग महत्त्वाचा. नुसतं पिवळं टोक म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: अरुंद, चढाची, काही ठिकाणी खाली दरी, पाऊल स्थिर हवं आणि उंचीचं भय नको. तोच पट्टा पुढे दगडांवर तळहाताएवढा रंगवलेला दिसत राहतो. दहा मिनिटं चालूनही तो दिसला नाही तर तुम्ही गुरांच्या वाटेला लागला आहात. शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की तिथे हातही वापरावे लागतात, बर्फ किंवा सुळके असू शकतात. पहिल्या भेटीत तिकडे वळू नये.

चार शब्द कानावर असू द्या. झे म्हणजे तळं, हॉर्न म्हणजे शिखर, आल्प म्हणजे उन्हाळ्यात गुरं चारण्याचं उंचावरचं कुरण. बाख म्हणजे ओढा. मग बाखआल्पझे हे नाव आपोआप उलगडतं: ओढ्याच्या कुरणावरचं तळं.

वेळेचा हिशेब स्वतः करा

जर्मन भाषक डोंगरभटक्यांत एक जुना ठोकताळा आहे आणि तो कामाचा आहे. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर, उताराला तासाला ५०० मीटर धरा. चढ आणि उताराचे तास एकत्र करा; तो झाला उभा वेळ. अंतराचे तास म्हणजे आडवा वेळ. दोघांतला मोठा पूर्ण घ्या आणि लहान्याचा अर्धा त्यात मिळवा.

फिर्स्ट ते शिनिगे प्लाटे साधारण १६ किलोमीटर: आडवा वेळ ४ तास. चढ सुमारे ६५० मीटर, म्हणजे २ तास १० मिनिटं. उतार सुमारे ८५० मीटर, म्हणजे १ तास ४० मिनिटं. उभा वेळ ३ तास ५० मिनिटं. चार तास अधिक जवळपास दोन, म्हणजे सहा तास. वाटेवरच्या पाट्यांची बेरीजही सहाच्या आसपास येते. त्यावर थांब्यांसाठी किमान सव्वा तास धरा. सोबत नवखं माणूस असेल तर दीड-दोन.

पाय आणि पाठ

सह्याद्रीत चार पावसाळे काढून तळ गुळगुळीत झालेले बूट इथे नेऊ नका. ओल्या चुनखडीवर आणि सुट्या खडीवर खोल खाचांचा तळच धरतो. घोटा झाकणारे बूट उतारावर बरे पडतात.

त्याहून मोठा धोका न वापरता माळ्यावर ठेवलेल्या चांगल्या बुटांचा आहे. तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा थर वर्षानुवर्षं आतून सडत जातो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर अधिकच. बाहेरून बूट नवा दिसतो, आणि डोंगरावर तासाभरात तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून लोंबायला लागतो. निघण्याआधी अंगठ्याने तो थर जोरात दाबून बघा. भुगा पडला, चिरा दिसल्या किंवा तळाची कड उचलली गेली, तर बूट टाकून द्या. ठीक वाटले तरी दोन-तीन दिवस घरच्या टेकडीवर घालून चाला. पाठपिशवीत चार प्लॅस्टिकचे बंद आणि मीटरभर कापडी चिकटपट्टी ठेवा. सुटलेला तळ त्यावर तासभर तरी निभावतो.

कपड्यांचा हिशेब उंचीवरून. हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. इंटरलाकेनला (सुमारे ५७० मीटर) २८ अंश असताना फाउलहॉर्नवर १४ च्या आसपास असेल, आणि वारा सुटला की अंगाला आठ-दहाच वाटेल. सुती बनियन घामाने भिजतो, वाळत नाही, आणि शिखरावर थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. आत सिंथेटिक किंवा लोकरी थर, त्यावर पातळ फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. जुलैतही कानटोपी आणि पातळ हातमोजे घ्या. दोन्ही मिळून मूठभर जागा लागते.

ऊन थंड हवेत जाणवत नाही, पण भाजतं. हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, बर्फ आणि पाणी ती परत फेकतात. सावळ्या कातडीला लागत नाही हा गैरसमज आहे. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि मान संध्याकाळी सांगतात. सनस्क्रीन दोन-दोन तासांनी, डोळ्यांना गडद चष्मा.

काठ्या दोन असाव्यात. सपाटीवर काठी टेकवून कोपराचा काटकोन होईल इतकी लांबी ठेवा. लांब उताराला पाच-दहा सेंटिमीटर वाढवा. गुडघ्यांचा भार त्याने खरोखर हलका होतो.

पाणी माणशी दोन लिटर. स्विस गावांतल्या हौदांच्या तोटीचं पाणी पिण्याजोगं असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तरच नाही. कुरणातल्या ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गाई चरत असतात. फाउलहॉर्नच्या पुढची धार तर कोरडीच आहे. तिथला दगड चुनखडीचा, पडलेलं पाणी मुरून जातं.

खाण्याला तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू यांना तोड नाही: वजन कमी, थंडीत चांगले राहतात. दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ नका, स्विस सीमेवर त्यांना बंदी आहे. दुपारचं खाणं दुकानातून घ्यायचं तर शनिवारीच घ्या. रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनातली तेवढी उघडी. डोंगरावरच्या खाणावळीत शाकाहारी माणसाने ‘ओने फ्लाइश’ (मांसाशिवाय) म्हणावंच, शिवाय बटाट्याची र्‍योश्टी मागवताना ‘ओने श्पेक’ही म्हणावं. श्पेक म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, आणि ते र्‍योश्टीत न विचारता येऊ शकतं. फ्रँकमध्ये थोडी रोकड जवळ असू द्या.

मुख्य वाट: फिर्स्ट, बाखआल्पझे, फाउलहॉर्न, शिनिगे प्लाटे

ही वाट दोन्ही बाजूंनी करतात. फिर्स्टकडून निघालं तर चढ साधारण दोनशे मीटरने कमी आणि तोही सकाळच्या थंडाव्यात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इकडूनच जावं.

सकाळी सातच्या सुमाराला इंटरलाकेन ओस्टहून ग्रिंडेलवाल्डची गाडी. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. ही गाडी वाटेत त्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत तुटते: एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. चुकीच्या डब्यात बसलेली माणसं वेगळ्याच दरीत पोचतात आणि पाऊण-एक तास तिथेच जातो. दुसरी ठरलेली चूक उतरण्याची. ‘ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल’ हे आधीचं स्टेशन आयगर एक्स्प्रेस आणि मेन्लिखेनच्या पाळण्यांसाठी (केबल कारसाठी) आहे. फिर्स्टसाठी शेवटच्या ग्रिंडेलवाल्ड स्टेशनला उतरायचं आणि गावातल्या मुख्य रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं पुढे चालायचं.

पाळणा सुमारे पंचवीस मिनिटांत २१६६ मीटरवर नेतो. वेळ आणि भाडं आदल्या रात्री बघून ठेवा. हाफ फेअर कार्डावर बहुतेक डोंगरगाड्यांचं भाडं निम्मं होतं. पहिल्या तासातच चढा. दहानंतर वरच्या झुलत्या सज्जासाठी आणि तारेवरच्या खेळांसाठी मोठी रांग लागते.

फिर्स्टहून बाखआल्पझे साधारण पन्नास मिनिटं ते तास. वाट रुंद, खडीची. सुरुवातीला थोडा चढ, मग जवळपास सपाट. तळी दोन आहेत, मध्ये निसर्गानेच घातलेला बांध, आणि खालचं तळं वरच्यापेक्षा काही मीटर खाली. बहुतेक लोक पाणी दिसल्या दिसल्या पहिल्या काठावर थांबतात. थांबू नका. वाटेने पुढे जाऊन वरच्या तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पोचा आणि तिथून मागे वळून बघा: श्रेकहॉर्न (४०७८ मीटर) आणि त्यामागे फिन्स्टरआरहॉर्न (४२७४ मीटर) पाण्यात उलटे उभे असतात. वारा उठला की पाण्यावर शहारे येतात आणि प्रतिबिंब मोडतं. वारा बहुधा ऊन तापल्यावर उठतो, त्यामुळे साडेनऊला पोचलेल्याला जे दिसतं ते बाराला पोचलेल्याला दिसत नाही. या तळ्याला हिमनदीचं पाणी येत नाही, म्हणून रंग गडद निळा आणि काठाशी तळ स्वच्छ दिसतो.

तळ्यापासून खरी डोंगरवाट सुरू होते. शिखरापर्यंत ४१५ मीटर चढ, दीड तास. मध्ये निवाऱ्याची एक लहान झोपडी लागते. आभाळ भरून आलं असेल तर पुढे जायचं की नाही हे तिथेच ठरवा, कारण त्यापुढे आडोसा शिखरावरच. शेवटची वळणं काळसर, ठिसूळ दगडावरून जातात. फाउल म्हणजे सडकं, कुजकं; पापुद्रे सुटणाऱ्या या दगडावरूनच शिखराला नाव पडलं. पाऊल पूर्ण टेकवा, टाचेवर भार देऊ नका, आणि वळणावर वरून कुणी येत असेल तर त्याच्या बरोबर खाली उभे राहू नका. सुटलेला दगड सरळ रेषेत येतो. पाऊस पडून गेला असेल तर याच भुग्याचा चिखल होतो आणि बुटाच्या खाचा भरून जातात. काठीच्या टोकाने त्या मधूनमधून मोकळ्या करा.

शिखराला टेकून एक डोंगरी हॉटेल आहे, १८३०च्या दशकापासूनचं, आल्प्समधल्या सर्वांत जुन्या डोंगरी हॉटेलांपैकी एक. ते उघडं आहे का हे निघण्याआधी पाहा आणि त्याच्याच भरवशावर पाणी-जेवण ठरवू नका. दक्षिणेला आयगर (३९६७), म्योंख (४११०), युंगफ्राउ (४१५८) एका रांगेत. उत्तरेला धारेच्या काठाशी गेलं की दोन हजार मीटरहून अधिक खाली ब्रिएंझचं तळं, आणि पश्चिमेला थूनचं. हवा चांगली असेल तर अर्धा तास द्या.

आता नियम. साडेबारापर्यंत शिखर गाठलं नसेल तर पुढे शिनिगे प्लाटेला जायचं नाही. आल्या वाटेने फिर्स्टला परत जा, किंवा दक्षिणेकडे बुसआल्पला उतरा. तिथून ग्रिंडेलवाल्डची बस मिळते, तिचीही शेवटची वेळ आधी बघून ठेवा. पुढे चार तास अजून आहेत आणि शिनिगे प्लाटेहून शेवटची गाडी संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते. ती चुकली तर १९६७ मीटरवरून विल्डर्सविलच्या ५८४ मीटरपर्यंत, जवळपास चौदाशे मीटर, थकल्या गुडघ्यांनी अंधारात पायी उतरावं लागतं.

वेळ असेल तर शिनिगे प्लाटेचा बाण धरा. तासाभरात मेंडलेनेन (२३४४ मीटर) या खिंडीत पोचता. तिथे दगडांच्या कुशीत बसवलेली एक लहान खाणावळ आहे. तिच्या आधीचा उतार खडकाळ, उंच पायऱ्यांसारखा. जुना बर्फ सर्वांत उशिरा इथेच वितळतो आणि या वाटेवरचे लोक जून-जुलैत इथेच अडकतात. चुनखडी कोरडी असेल तर बूट छान धरतो. ओली असेल, विशेषतः हजारो बुटांनी घासून चकचकीत झालेला भाग, तर साबणासारखी. अशा ठिकाणी घासलेल्या मधल्या पट्ट्यापेक्षा कडेचा खडबडीत दगड निवडा आणि काठ्या एका हातात घेऊन दुसरा हात मोकळा ठेवा.

मेंडलेनेनपासून शिनिगे प्लाटे पावणेतीन तास, आणि या टप्प्यात मध्येच खाली सुटायला सोपी वाट नाही. डोंगराच्या कुशीतून जाताना झेगिस्टालचं तळं खाली दिसत राहतं. पुढे वाट धारेच्या पलीकडे डोकावते आणि ब्रिएंझचं तळं पुन्हा सामोरं येतं. शेवटचा तास फसवा आहे. स्टेशन आलंसं वाटतं, आणि वाट आणखी एका सोंडेला वळसा घालते, थोडी उतरते, पुन्हा चढते. बहुतेकांचं पाणी इथे संपलेलं असतं आणि घोटे इथेच मुरगळतात. म्हणून मेंडलेनेनला अर्धा लिटर पाणी आणि एक लाडू राखूनच पुढे निघायचं.

साडेचार-पावणेपाचला पोचलात तर शेवटच्या गाडीला तास-सव्वा तास उरतो. तेवढा उरलाच पाहिजे. स्टेशनाजवळ आल्प्समधल्या वनस्पतींची बाग आहे, वेळ असेल तर ती जरूर बघा. १८९३ सालापासूनची ही दातेरी रुळांची गाडी बावन्न मिनिटांत विल्डर्सविलला उतरवते. तिथून इंटरलाकेन ओस्ट पाच मिनिटांवर.

विजा

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असते, अकराच्या सुमाराला शिखरांवर कापसाचे गोळे दिसू लागतात, आणि ते रुंदीपेक्षा उंचीला वाढत गेले तर दोन-तीनपर्यंत गडगडाट सुरू होऊ शकतो. मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याच्या अ‍ॅपवर सकाळी आणि पुन्हा तळ्यावर पोचल्यावर रडार बघा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार आणि शिखर लगेच सोडा, एकटं झाड, तारेचं कुंपण, लोखंडी दोर यांच्यापासून लांब व्हा, दोन माणसांत अंतर ठेवा. उघड्यावर सापडलात तर पाठपिशवीवर पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत धारेवर परत यायचं नाही.

आकाश निळंशार आणि तरीही पाळणा बंद, असंही होतं. दक्षिणेकडून येणारा फ्योन नावाचा कोरडा वारा दरीत घुसला की तारेवरची वाहतूक थांबवतात. अशा दिवशी मुकाट्याने खालची वाट निवडावी.

गाई, कुंपणं, आणि मदत मागण्याची वेळ आली तर

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुरणांत गाई असतात. वासरू आणि गाय यांच्यामधून जाऊ नका, वासराला हात लावू नका, वाटेवर कळप असेल तर लांबून वळसा घाला. विजेच्या तारेला प्लॅस्टिकची मूठ असते. मुठीला धरून तार सोडा, पार व्हा, आणि परत अडकवा.

अपघातात ११२ कुठल्याही देशाच्या सिमवरून लागतो. हेलिकॉप्टर बचावसेवा रेगाचा क्रमांक १४१४. नकाशा-अ‍ॅपमधले आपल्या जागेचे आकडे वाचून दाखवा. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा खुणा, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येतं. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर करून इंग्रजी ‘वाय’ आकार केला तर ‘मदत हवी’; एक हात वर, एक खाली म्हणजे ‘नको’. ओळखीचं माणूस दिसल्यासारखा एकच हात हलवलात तर वैमानिकाला चुकीचा निरोप जाऊ शकतो. व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, किती उंचीपर्यंत धरली आहे, हे घरूनच लेखी विचारून घ्या.

अर्ध्या दिवसाचं तळं: ओशिनेन

हवा अर्धाच दिवस चांगली असेल, किंवा आई-वडील सोबत असतील, तर कांडरश्टेगजवळचं ओशिनेन तळं (१५७८ मीटर). बर्नहून श्पीत्समार्गे रेल्वेने सव्वा तासाच्या आत कांडरश्टेग, पाळण्याने १६८२ मीटरवर, तिथून उताराने वीस-पंचवीस मिनिटांत पाणी. रंग दुधाळ हिरवा-निळा: ब्ल्युमलिसआल्पच्या हिमनद्या खडक दळतात, ते पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाश विखुरतं. डोंगर कोसळून दरी अडली आणि हे तळं झालं. पाणी बाहेर जातं तेही त्याच ढिगाऱ्याखालून, म्हणून पातळी ऋतूनुसार काही मीटर वर-खाली होते.

चालणाऱ्यांनी पाळण्यावरून थेट तळ्याकडे न उतरता डावीकडच्या होयबेर्गच्या वाटेने १९४० मीटरपर्यंत चढावं, ओबरबेर्गलीपर्यंत आडवं जावं आणि तिथून तळ्याच्या पूर्व टोकाला उतरावं. साडेतीन तास पुरतात. वाट पांढरी-लाल-पांढरी आहे, काही ठिकाणी उजव्या हाताला सरळ दरी. लहान मुलांचा हात धरायलाच हवा. ही वाट याच दिशेने करा, म्हणजे तळं सगळा वेळ डोळ्यांसमोर राहतं. परतीला पाळण्यापर्यंतचा शंभर मीटरचा चढ सगळे विसरतात, त्यासाठी अर्धा तास राखा.

तळ्याच्या वरचा श्पिट्झर श्टाईन हा डोंगराचा भाग सरकतो आहे. २०१८ पासून ही हालचाल वाढल्यावर काही वाटा बंद केल्या आहेत. बंदची पाटी दिसली की तिला वळसा घालून जायचं नाही, मग पलीकडे माणसं दिसोत की न दिसोत. पोहायचं असेल तर ऑगस्टमध्येही पाणी गार असतं. उडी न मारता हळूहळू उतरा, काठ सोडू नका.

आणखी दोन, थोडक्यात

दम चांगला असेल आणि मुक्काम फ्रान्समधल्या शामोनीला असेल तर लाक ब्लाँ (२३५२ मीटर): फ्लेजेरच्या पाळण्याने १८७७ मीटर, मग पावणेपाचशे मीटर चढ, पावणेदोन तास, आणि समोर अख्खी माँ ब्लाँ रांग.

चालणं जमतच नसेल तर झेरमाटहून गोर्नरग्राटच्या गाडीने रोटेनबोडेनला (२८१५ मीटर) उतरा. दहा-पंधरा मिनिटांच्या उतारावर रिफेलझे (२७५७ मीटर) आहे, सकाळच्या स्थिर पाण्यात मॅटरहॉर्न (४४७८ मीटर) दाखवणारं. इतक्या उंचीवर गाडीने झटकन पोचल्यावर डोकं जड होऊ शकतं. पाणी प्या, सावकाश चाला, आणि परत रोटेनबोडेनला चढण्याऐवजी त्याच वाटेने खाली रिफेलबेर्गला (२५८२ मीटर) जाऊन गाडी पकडा.